कूवमकाठचा महामार्ग आणि कण्णगीचा प्रश्न

महामार्ग कोठून न्यावा हा प्रश्न अभियंत्यांचा व अर्थखात्याचा आहे, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण नाही, अशी एक सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुतः नकाशावर रेघ ओढली जाण्यापूर्वी पुष्कळ शब्द आपले काम करून गेलेले असतात. कोणती जमीन मोकळी, कोणते घर अतिक्रमण आणि कोणता माणूस बाधित, हे आधी भाषेत ठरते. मग ते दगडसिमेंटात उतरते. चेन्नई शहरात कूवम नदीच्या काठाने आखलेल्या बंदर ते मदुरवोयल या उन्नत महामार्गाचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. रस्त्यापायी ज्यांची घरे जातात त्यांना नंतर काय द्यावे, याची चर्चा आपल्याकडे बरीच होते. रेघ ओढण्याआधी त्यांचे म्हणणे ऐकावे की नाही, याची चर्चा जवळजवळ होतच नाही. न्यायाचा खरा प्रश्न या दुसऱ्या चर्चेत आहे, हे कूवमकाठच्या उदाहरणावरून दिसून येते.

मराठी वाचकाला मदुरवोयल हे नाव परके वाटेल. त्या गावावरून जाणारा रस्ता मात्र परका नाही. मुंबई-पुण्याकडून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर असा दक्षिणेस उतरणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ चेन्नईत शिरतो तो याच बाजूने. बंदरात उतरणारा माल या महामार्गाला लागण्यासाठी शहराच्या गर्दीतून जावा लागतो. अवजड गाड्यांना दिवसा शहरात मज्जाव असल्याने त्या तासन्‌तास खोळंबतात. ही अडचण खरी आहे आणि ती दूर करण्यासाठी बंदरापासून मदुरवोयलपर्यंत सुमारे १९ किलोमीटरचा खांबांवरचा रस्ता योजण्यात आला. जानेवारी २००९ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसवली गेली. रस्त्याचा बराच भाग कूवमच्या पात्रालगत, काही ठिकाणी प्रत्यक्ष पात्रात खांब उभारून न्यायचा होता.

नदीकाठच का निवडला गेला, याचे उत्तर खर्चाच्या तक्त्यात सापडते. दाट वस्तीच्या शहरात वीस किलोमीटर लांबीची सलग पट्टी मिळणे दुर्घट असते. खाजगी मालकीच्या जमिनीतून रस्ता न्यायचा तर संपादन, मोबदला आणि दावे आले. नदीचा काठ मात्र सरकारी असतो आणि सलग असतो. कागदोपत्री तो रिकामाही असतो. प्रत्यक्षात तेथे तीन-चार पिढ्यांची वस्ती असली, तरी तिचा मोबदला अंदाजपत्रकात जमिनीच्या किमतीइतका चढत नाही. रस्ता स्वस्त पडतो याचा अर्थ त्याचा काही भाग कोणीतरी दुसऱ्याने भरलेला असतो. कूवमकाठी तो भरणारे लोक हमाली, घरकाम, मासळीविक्री, सफाई, भंगार गोळा करणे अशा कामांवर जगणारे आहेत आणि त्यांच्यात दलितांचा भाग फार मोठा आहे.

या लोकांपैकी काहींना मार्गासाठी हलवून शहराच्या दक्षिण टोकाच्या पुनर्वसन-वसाहतींत नेण्यात आले. पुढे मार्च २०१२ मध्ये राज्य सरकारने काम थांबवले. नदीतील खांबांमुळे पुराच्या पाण्याचा प्रवाह अडेल, असे कारण देण्यात आले. महामार्ग प्राधिकरण न्यायालयात गेले; फेब्रुवारी २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने थांबवण्याचा आदेश रद्द केला; तरीही काम लगोलग सुरू झाले नाही. अर्धवट खांब एका दशकाहून अधिक काळ नदीत उभे राहिले. अखेर मे २०२२ मध्ये नव्या, दुमजली आराखड्याची कोनशिला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बसवली गेली. एकाच रस्त्याला दोन कोनशिला लाभल्या. पहिल्या आराखड्यासाठी ज्यांची घरे हलली, त्यांची घरे मधल्या काळात रस्ता न होताही गेलेलीच राहिली.

या दीर्घ वादात पक्षकार कोण होते, हे पाहण्यासारखे आहे. बंदराच्या आणि महामार्गाच्या बाजूने बोलणारे केंद्र होते. नदीच्या प्रवाहाची बाजू राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने मांडली. खांब नदीला अडथळा आहेत की नाहीत, यावर तज्ज्ञांचे युक्तिवाद झाले. काठावर राहणाऱ्यांना हलवावे की नाही, हा वादाचा मुद्दाच नव्हता. तो दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेला होता. खांब अडथळा ठरतात की नाही याबद्दल मतभेद होऊ शकला, झोपडी अडथळा आहे याबद्दल मात्र मतभेद झाला नाही. हे एकमत कोठून आले याचा शोध घेताना आपण तमिळ भाषेतील एका शब्दापाशी येऊन पोहोचतो.

तो शब्द पुरंबोक्कु. 'पुरम' म्हणजे बाहेर. संगमकालीन काव्यशास्त्रात 'अहम्' आणि 'पुरम' ही विभागणी किती मूलभूत आहे हे भारतीय साहित्याच्या अभ्यासकांस सांगावयास नको. अंतरंगाची, प्रेमाची कविता एकीकडे आणि बाहेरच्या, सार्वजनिक जीवनाची कविता दुसरीकडे. महसुली भाषेत पुरंबोक्कु म्हणजे साऱ्याच्या आकारणीबाहेर राहिलेली जमीन: नदी, तळे, ओढा, चराई, स्मशान, रस्ता. कोणा एकाच्या मालकीची नसल्याने ती सर्वांच्या उपयोगाची होती. महसूल देत नाही ती जमीन कुचकामी, या हिशेबी दृष्टीने हळूहळू शब्दाचा अर्थ पालटला आणि आज बोलीभाषेत पुरंबोक्कु ही निकम्म्या माणसाला हासडण्याची शिवी झाली आहे. जमिनीचे विशेषण तीवर राहणाऱ्या माणसाला चिकटले. सरकारी भाषेत याचा आणखी एक पोटभेद आहे, 'आक्षेपार्ह पुरंबोक्कु'. जलप्रवाह, रस्ते इत्यादींच्या जमिनीवरील वस्ती या सदरात पडते आणि ती कधीही नियमित होऊ शकत नाही. २०१७ मध्ये कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी 'चेन्नई पोरंबोक्कु पाडल' हे गीत गायिले. एन्नोरच्या खाडीच्या विध्वंसाविषयीच्या त्या गीतात या शब्दाला त्याची जुनी प्रतिष्ठा परत देण्याचा प्रयत्न आहे. शास्त्रीय रागांच्या चौकटीत शिवी आणून बसवणे ही केवळ चमत्कृती नव्हती, हे वरील इतिहास ध्यानी घेता पटावे.

मराठीत या शब्दाला एकच प्रतिशब्द नाही. 'गायरान' मध्ये सार्वजनिक उपयोगाचा अर्थ आहे, 'पोटखराब' मध्ये नापीकपणाचा. आणि बाहेरपणाचा अर्थ 'गावकुसाबाहेर' या शब्दाने उचलला आहे. गावकुसाबाहेर हा शब्द दलित साहित्याने आपल्या वाङ्मयीन जाणिवेत असा रुजवला की तो आता निव्वळ भौगोलिक राहिलेला नाही. तमिळमध्ये जमीन आधी बाहेरची ठरली आणि माणूस तिच्यामुळे. मराठीत माणूस आधी बाहेरचा ठरला आणि जमीन त्याच्यामुळे. कूवमच्या काठावर हे दोन्ही प्रवास एकत्र येतात, कारण बाहेरची जमीन आणि बाहेर ठेवलेली माणसे तेथे एकमेकांच्या आधाराने राहिली.

कायदा या शब्दांच्या मागोमाग चालतो. संपादन होण्यासाठी आधी मालक असावा लागतो. पुरंबोक्कुवर राहणाऱ्याचे संपादन होत नाही, निष्कासन होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे पूर्वमूल्यमापन बंधनकारक केले, पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीने राष्ट्रीय महामार्गांसाठीचे संपादन त्याच्या कक्षेबाहेर ठेवले. २०१५ मध्ये त्यातील मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या तरतुदी महामार्गांना लागू करण्यात आल्या. पूर्वमूल्यमापनाची तरतूद लागू झाली नाही. म्हणजे नंतर देण्याचे कर्तव्य मान्य झाले, आधी विचारण्याचे झाले नाही. पर्यावरणीय परवानगीचीही हीच रीत आहे. २००६ च्या अधिसूचनेत २०१३ मध्ये बदल होऊन, अस्तित्वात असलेल्या राष्ट्रीय महामार्गाचा विस्तार १०० किलोमीटरहून अधिक लांबीचा आणि विशिष्ट रुंदीहून मोठा असेल तरच पूर्वपरवानगी लागेल असे ठरले. परवानगी लागावी की नाही हे किलोमीटर आणि मीटर ठरवतात. मार्गात कोण आणि किती माणसे राहतात, हे ते ठरवीत नाही.

हलवलेल्या माणसांचे काय होते, याचाही विचार शब्दांपासूनच सुरू करावा लागतो. १९७० मध्ये तमिळनाडूत स्थापन झालेल्या मंडळाचे इंग्रजी नाव झोपडपट्टी-निर्मूलनाचे होते. तमिळ नाव मात्र 'कुडिसै माट्रु वारियम', म्हणजे झोपडी बदलून देणारे मंडळ. गरिबाच्या हास्यात देव पाहावा, या आशयाचे अण्णादुरैंचे वचन त्याने ब्रीद म्हणून घेतले. प्रारंभीच्या वर्षांत मंडळाने तमिळ नावाशी इमान राखून शहराच्या मध्यभागी, जेथल्या तेथे, बहुमजली घरे बांधली. पुढे इंग्रजी नाव वरचढ ठरले. २००० च्या सुमारास ओक्कियम तोरैपाक्कम येथे कण्णगी नगर, त्सुनामीनंतर सेम्मंजेरी आणि त्यानंतर पेरुंबाक्कम अशा प्रचंड वसाहती उभ्या राहिल्या. एकट्या कण्णगी नगरात पंधरा हजारांहून अधिक गाळे आहेत. कूवमकाठापासून त्या वीस-पंचवीस किलोमीटर दूर आहेत. घरकामाला जाणाऱ्या बाईचा दिवसाचा मोठा भाग आणि मजुरीचा काही भाग बसमध्ये जातो. अनेकींचे काम सुटते, मुलांची शाळा वर्षाच्या मध्यावर तुटते. २०२१ मध्ये मंडळाचे नाव बदलून 'नागरी निवास विकास मंडळ' करण्यात आले. नावातून झोपडी गेली. वसाहतींचे अंतर तेवढेच राहिले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. नदीकाठ धोक्याचा आहे, पुरात पहिला बळी तेथल्यांचाच जातो, म्हणून त्यांना हलवणे त्यांच्याच हिताचे आहे, असे सांगितले जाते. डिसेंबर २०१५ च्या महापुराने या युक्तिवादाला मोठे बळ दिले आणि त्यानंतर कूवम व अडयार या दोन्ही नद्यांच्या काठांवरून वस्त्या हलवण्याचा वेग वाढला. परंतु त्याच पुरात सेम्मंजेरीची पुनर्वसन-वसाहतही पाण्याखाली गेली होती. या नव्या वसाहती पळ्ळिक्करणै पाणथळीच्या परिसरात आहेत. २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेली ही पाणथळ म्हणजे दक्षिण चेन्नईचे पाणी सामावून घेणारी नैसर्गिक खोलगट जागा होय. पुरापासून वाचवण्यासाठी माणसांना पुराच्या घरी नेऊन बसवण्यात आले. शिवाय धोक्याचा निकष सर्वांना सारखा लावलेला दिसत नाही. चेन्नई विमानतळाची दुसरी धावपट्टी अडयार नदीवर पूल बांधून पलीकडे नेली आहे. २०१५ च्या पुरात तो विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला. तिला कोणी अतिक्रमण म्हटले नाही. नदीच्या पात्रातील धावपट्टी आणि नदीच्या काठावरील झोपडी यांत पाणी अडवण्याची शक्ती कोणात अधिक, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, शहराला रस्ता हवाच, आणि कोणता ना कोणता काठ निवडावाच लागणार. हेही मान्य केले पाहिजे. बंदरापाशी खोळंबलेल्या मालमोटारींचा धूर त्याच गरीब वस्त्यांना गिळावा लागतो. रस्ताच नको, ही भूमिका म्हणून पुरेशी नाही. प्रश्न निर्णयाच्या क्रमाचा आहे. आज आधी रेघ ठरते, मग मोजणी होते, मग यादी, मग चिठ्ठी काढून दूरचा गाळा. ज्याला हा गाळा मिळतो त्याने कृतज्ञ असावे अशी अपेक्षा असते. त्याचे म्हणणे जेव्हा विचारले जाते, तेव्हा त्याच्या म्हणण्याने बदलण्यासारखे काहीच शिल्लक नसते.

या क्रमाला न्यायालयानेही एकदा हात घातला होता आणि त्या प्रसंगाला मराठी व तमिळ अशा दोन्ही बाजू आहेत. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचा निकाल दिला. निकालपत्रात दोन अर्जदारांची हकीकत शेजारी शेजारी येते. एक तमिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर. अवर्षणामुळे १९६१ मध्ये मुंबईला आलेला, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला ताडपत्रीच्या निवाऱ्यात राहणारा. जुलै १९८१ मध्ये तो निवारा पाडून त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्ये बसवून देण्यात आले. कामाच्या शोधात तो पुन्हा परतला. दुसरा अहमदनगर जिल्ह्यातील संगमनेरचा चांभार. गावचे घर पडल्यावर मुंबईत आलेला बदली कामगार. याच खटल्यात विलेपार्ल्याच्या कामराज नगराचाही प्रश्न होता. महामार्गालगत जलवाहिन्या टाकण्याच्या कामावरील मजुरांनी वसवलेल्या या वस्तीची जागा महामार्गाचाच भाग आहे, असे शासनाचे म्हणणे होते. तमिळ नेत्याचे नाव धारण करणारी मुंबईतील ती वस्ती, आणि सेलम व संगमनेर यांना एका पानावर आणणारे ते निकालपत्र, तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने वाचावे असे आहे. दोन भाषांचे मजूर ज्या मजकुरात एकमेकांचे शेजारी म्हणून येतात, असे मजकूर आपल्या ललित वाङ्मयात विपुल नाहीत.

उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग आहे, हे त्या निकालाने मान्य केले. हटवण्यापूर्वी ऐकून घेतले पाहिजे, हेही मान्य केले. हटवण्याचा अधिकार मात्र कायम ठेवला. त्याच वर्षी मद्रासच्या झोपडपट्टीवासीयांसाठी के. चंद्रू यांनी केलेल्या अर्जावर, राज्य पर्यायी जागा देत आहे हे न्यायालयाने नोंदवून घेतले. ऐकण्याचा हक्क आणि पर्यायी जागा या दोन गोष्टी येथे शेजारी होत्या. पुढील चाळीस वर्षांत प्रशासनाने दुसरी उचलली आणि पहिली सोडून दिली. २०१४ मध्ये 'हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क' या संस्थेने पुनर्वसनाच्या दुर्दशेचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चेन्नईचे कण्णगी नगर आणि मुंबईचा वाशी नाका यांचा एकत्र विचार होता, हे योगायोगाने घडलेले नाही.

मुंबईच्या अनुभवात एक अपवाद सापडतो. नागरी वाहतूक प्रकल्पातील रस्त्यांमुळे विस्थापित होणाऱ्यांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांच्या भागाचे पैसे काही काळ रोखले. ऐकणारा कोणी असला आणि त्याच्या हाती पैशाची दोरी असली, की आराखडे फेरविचारास मोकळे होतात, एवढे त्यावरून सिद्ध झाले. खेदाची गोष्ट ही की तो ऐकणारा परका होता.

अमेरिकेत याच प्रश्नाला वर्णाचे परिमाण आहे. सेंट पॉल शहरातील रोंडो ही कृष्णवर्णीयांची वस्ती आंतरराज्य महामार्गाने १९५० व १९६० च्या दशकांत दुभागली गेली. अधिकाऱ्यांनी त्याबद्दल क्षमा मागितली ती २०१५ मध्ये. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेल्या आदेशाने, अल्पसंख्य व अल्प उत्पन्नाच्या लोकांवर सरकारी योजनांचा विषम भार पडतो का, हे तपासणे संघीय खात्यांवर बंधनकारक केले होते. जानेवारी २०२५ मध्ये तो आदेश रद्द झाला. त्यातील एक कल्पना मात्र आपल्यालाही घेण्यासारखी आहे: भार कोणावर पडतो हे आधी मोजावे. आपल्याकडे ती जशीच्या तशी चालणार नाही, कारण येथे जात आणि सातबाऱ्यावरचे नाव ही दोन्ही परिमाणे एकमेकांत मिसळलेली आहेत. मार्गावरील वस्तीची मोजणी आखणीच्या आधी व्हावी. पर्यायी मार्गांची तुलना करताना विस्थापनाचा खरा खर्च, म्हणजे तुटलेली मजुरी, प्रवास आणि शाळा, रस्त्याच्या खर्चात धरला जावा. आराखडा तमिळमध्ये वस्तीत वाचला जावा. आणि हलवणे अटळच ठरले तर नवे घर जुन्या कामाच्या पल्ल्यात असावे. यांतील एकही मागणी अभियांत्रिकीच्या आवाक्याबाहेरची नाही.

कण्णगी नगर हे नाव ज्याने दिले त्याला शिलप्पदिकारम् ठाऊक होते, एवढे निश्चित. इळंगो अडिगळ यांच्या या काव्यात राणीचे पैंजण चोरल्याच्या आरोपावरून, चौकशी न करता, कोवलनचा वध होतो. परगावची कण्णगी हातात दुसरे पैंजण घेऊन पांड्य राजाच्या दरबारात उभी राहते आणि ते फोडून आतली माणके दाखवते. राणीच्या पैंजणात मोती होते. राजाला चूक उमगते, परंतु शिक्षा आधीच अमलात आलेली असते. कण्णगी राजाकडे भरपाई मागत नाही. निवाडा चौकशीच्या आधी झाला, हे तिचे गाऱ्हाणे आहे. १९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी मरीना किनाऱ्यावर तिचा पुतळा उभारला गेला. डिसेंबर २००१ मध्ये एक मालमोटार चौथऱ्यावर आदळली आणि वाहतुकीच्या कारणास्तव तो हलवण्यात आला. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि २००६ मध्ये तो परत आपल्या जागी आला. रस्त्यासाठी हलवलेले काही परत आणता येते, हे चेन्नईने या एका बाबतीत दाखवून दिले आहे. त्या पुतळ्याच्या बाजूने बोलणारे विद्वान आणि पक्ष होते. त्याच नावाच्या वसाहतीत नेलेल्यांच्या बाजूने तसे बोलणारे थोडे आहेत. महाकाव्याच्या अभ्यासकांनी त्यांत आपली भर घालावी, यासाठी त्यांना आपला विषय सोडून दूर जावे लागणार नाही.